वेसाव्याची चूक

परवा पेपर तपासायच्या खोलीत माझ्या शेजारी बसलेला एक तरुण प्राध्यापक स्वतःशीच पुटपुटला, "हाही गेला वेसाव्याला," आणि लाल पेनाने त्याने एक मार्क कापला. मी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. पोरगा यंदाच लागलेला, राहायला नालासोपाऱ्याला. वेसाव्याशी, म्हणजे पाटीवर ज्याला वर्सोवा म्हणतात त्या आमच्या गावाशी, त्याचा काही संबंध असायचं कारण नव्हतं.

"कुठे गेला म्हणालास?" मी विचारलं.

"काही नाही मॅडम, बोलायची पद्धत. पोराने दोन्ही बाजूंचा एक्स उडवला आणि शून्य हे उत्तर घालवलं. त्याला वेसाव्याला जाणं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात ना. साकीनाक्याला आमचे ट्यूशनचे सर होते, एका गाळ्याच्या माळ्यावर क्लास घ्यायचे, ते म्हणायचे. गणितातलाच शब्द असेल."

गणितातला शब्द! मला इतकं हसू आलं की खोलीतले बाकीचे बघायला लागले. पुस्तकं चाळून हा शब्द कुणाला सापडायचा नाही. ती चूक माझी आहे. नववीत असताना मी ती केली आणि आमच्या मिसने तिला माझ्या गावाचं नाव दिलं. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. परवा मात्र मला असं वाटलं की कुणीतरी भर बाजारात माझ्या आईचं नाव घेऊन चांगलं बोललं.

मिस आम्हाला गणित शिकवायच्या. अंधेरीच्या फादर लोकांच्या शाळेत, ऐंशीच्या दशकात. मरोळच्या गावठाणातलं त्यांचं घर, म्हणजे इथल्या मूळच्या ईस्ट इंडियन ख्रिश्चन. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची कुणाची हिंमत नव्हती. अंगात स्वतः शिवलेला फ्रॉक, आणि त्या फ्रॉकला पुढे एकच मोठा खिसा. त्यात खडू, चष्मा, जपमाळ आणि कोंबड्यांसाठी जमवलेले भाकरीचे तुकडे हे सगळं एकत्र. फळ्यावर लिहायला खिशात हात घातला की कधी खडू यायचा, कधी भाकरी. भाकरी आली तर त्या ती समोरच्या पोराच्या हातात ठेवायच्या आणि "धर, टाकू नको" म्हणून पुढे शिकवायच्या. शाळेत यायच्या सायकलवरून. पन्नाशीची बाई सायकलवर बघून रस्त्यातले लोक थांबायचे, आणि मिस त्यांच्यावरच घंटी वाजवायच्या.

एवढी सायकल मारणारी ही बाई शाळेचा जिना मात्र कधी चढली नाही. "माझे गुडघे," असं त्या सांगायच्या. स्टाफरूम पहिल्या मजल्यावर होती, म्हणून त्यांनी जिन्याखाली एक टेबल टाकून घेतलं होतं. डबा तिथे, वह्या तिथे, पोरांना झापणं तिथे. त्या गुडघ्यांवर शाळेत कुणाचाच विश्वास नव्हता. पण जिन्याचं खरं कारण समजायला आमच्या शाळेची रचना समजायला हवी.

बोर्डाची परीक्षा सगळ्यांना एकच होती. पण शाळेने आठवीपासून आपल्या तीन पातळ्या केल्या होत्या. हुशार मुलांचा वर्ग 'ॲडव्हान्स', तो दुसऱ्या मजल्यावर. मधला 'जनरल', पहिल्या मजल्यावर. आणि 'बेसिक' तळमजल्यावर, सायकल स्टँडच्या बाजूला, तो आमचा. ॲडव्हान्सला पुस्तकातलं सगळं शिकवून वर कॉलेजातलंही थोडं शिकवायचे, कारण ती मुलं फादरच्याच कॉलेजात अकरावी सायन्सला जायची. बेसिकला पास होण्यापुरते धडे, बाकीचे ऑप्शनला टाकायचे. नववीच्या वार्षिक परीक्षेत ठरलेल्या टक्क्यांच्या वर गेलं तर खालचा मुलगा वर जाऊ शकायचा, असा नियम होता. पण ज्याला अर्धंच पुस्तक शिकवलंय तो वर जाणार कसा, हे नियमात लिहिलेलं नव्हतं.

शाळेतल्या सगळ्यात जुन्या गणिताच्या शिक्षिका म्हणून मिसना दुसरा मजला आपोआप मिळाला असता. त्यांनी तळमजला मागून घेतला. मागताना दोन अटी घातल्या. एक, बेसिकचा एकही धडा ऑप्शनला जाणार नाही. दोन, गणिताचा पेपर तिन्ही मजल्यांना एकच असेल आणि तो त्या काढतील. आमचे प्रिन्सिपल फादर मंगलोरकडचे, उंच, सज्जन माणूस. 'स्टँडर्ड' हा त्यांचा आवडता शब्द. शाळेचं स्टँडर्ड, मराठीचं स्टँडर्ड, कँटीनच्या समोशाचं स्टँडर्ड. त्यांना वाटलं, बाई स्टँडर्डचं बोलते आहे, आणि त्यांनी दोन्ही अटी मान्य केल्या.

आता यावरून कुणाला वाटेल की मिस मायाळू होत्या आणि गरीब पोरांना जवळ घ्यायच्या. छे! तळमजल्यावरची निम्मी पोरं त्यांना घाबरून शाळा बुडवायची. आमच्यावर दया दाखवणाऱ्या माणसाला त्या उभं करायच्या नाहीत. एकदा एका नवीन टीचरने कौतुकाने म्हटलं, "बेसिकच्या मानाने पोरं छान करतात." मिसनी तिला विचारलं, "बेसिकच्या मानाने म्हंजे काय गो? तुझी भाकरी बेसिकच्या मानाने भाजतेस काय?" त्या टीचरने पुढे वर्षभर जिन्याखालून जाताना चालण्याचा वेग वाढवला.

वर्गात खोडरबराला बंदी. चुकलं तर त्यावर एक रेघ मारायची आणि खाली पुन्हा लिहायचं. "खोडलंस की चूक पळते. मग मी पकडू कुठे?" आणि पकडलेल्या चुकीला त्या नाव द्यायच्या. मुलाचं नाव कधीच नाही. तो जिथून येतो त्या वस्तीचं. फळ्याच्या बाजूची भिंत त्यांनी काळी रंगवून घेतली होती, तिथे ही नावं लिहिलेली असायची.

जोगेश्वरीची चूक म्हणजे जे सिद्ध करायचं तेच आधी धरून चालणं. ती करणारी मुलगी जोगेश्वरीच्या गुंफांजवळ राहायची. मिस म्हणाल्या, "ज्या दारानं गुंफेत शिरली त्याच दारानं भायेर आली, आणि सांगते काय तर पलीकडे जाऊन आले."

साकीनाक्याची चूक वेगळी. तिथल्या एका मुलाच्या बापाचं लेथ मशीन होतं. एका संख्येचा वर्ग नऊ, तर संख्या कोणती, असं विचारलं की तो तीन लिहून हात झटकायचा. वजा तीनचाही वर्ग नऊच येतो, ते त्याच्या गावीही नसायचं. मिसनी विचारलं तर म्हणाला, "मायनस मापाचा रॉड कुठे असतो, मिस? पप्पा हाकलून देईल ना." मिस खूश. "बरोबर हाय रं तुझं. गाळ्यात नसतो. पण हा गाळा नाय." भिंतीवर नाव चढलं.

आणि अंधेरीची चूक म्हणजे मिसची स्वतःची, कारण मरोळ अंधेरीतच येतं. फळ्यावर त्या चुकल्या आणि कुणी पकडलं, तर अंधेरी. ते नाव भिंतीवर सगळ्यात वर होतं. पकडणाऱ्याला खिशातून बक्षीस मिळायचं, म्हणजे बहुतेक वेळा भाकरीच.

माझी गोष्ट अशी. प्रश्न होता, एका संख्येचा वर्ग त्या संख्येच्या चौपट आहे, तर ती संख्या कोणती. मी झटक्यात चार लिहिलं आणि ऐटीत बसले. मिस वही बघून म्हणाल्या, "आणि शून्य? शून्याचा वर्ग शून्य, शून्याची चौपट शून्य. बसतंय का नाय?"

"बसतंय, पण शून्य काय उत्तर आहे का, मिस?"

"का नाय?"

मी जे खरं ते सांगितलं. माझ्या बाबांची होडी होती. होडी रिकामी परत आली तर आमच्या घरात 'काही मिळालं नाही' असं कुणी तोंडातून काढायचं नाही. बाबा दारात पाय ठेवताना म्हणायचे, "आज दर्यानं ठेवून घेतलं." आई मान हलवायची आणि विषय संपायचा. किनाऱ्यावर कुणी विचारलं तरी भरलेल्या होड्यांचंच बोलायचं. रिकाम्या होडीचं नाव काढायचं नाही. मग मी वहीत शून्य कसं लिहिणार? हात धजायचाच नाही.

वर्ग हसला. मिस हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "रिकामी आली तरी ती होडी दर्यात गेलेली ना?"

"गेली होती."

"तुझा बाप भिजला ना?"

"भिजला."

"मग ती होडी मोजायची गो. बापाचा दिवस फुकट नाय घालवायचा."

आणि त्यांनी भिंतीवर लिहिलं, वेसावे. मी घरी जाऊन रडले. आईला सांगितलं की मिसने गावाचं नाव चुकीला लावलं, आता सगळी शाळा हसणार. आई म्हणाली, "उद्या शुक्रवार हाय. येल ती बाजारात. बघते तिला."

माझी आई अंधेरीच्या बाजारात मासळी विकायची आणि मिस दर शुक्रवारी तिच्याकडेच यायच्या. दोघींचं भांडण बघायला आजूबाजूच्या बायका हातातलं काम सोडायच्या. मिस माशाचे कल्ले उघडून बघायच्या, आई त्यांच्या हातावर चापट मारायची. त्या शुक्रवारी मी आईच्या मागे उभी होते. आईने तोंड उघडलं, "मिस, ते तुम्ही आमच्या गावाचं..."

मिसनी तिला तिथेच अडवलं. "बाजारात शाळा नाय. हितं तू मास्तर, मी गिऱ्हाईक. हा पापलेट कालचा वाटतो."

"कालचा? डोळे बघा त्याचे! तुमच्यापेक्षा चांगले हायेत!"

गावाचा विषय तिथेच बुडाला. मासे कापून पिशवीत घालताना आईने दोन बोंबील वर टाकले. काही मनात धरून नाही, नेहमीच्या गिऱ्हाइकाला टाकतात तसे. मिसनी ते उचलून परत पाटीत ठेवले. "तुजी पोर माझ्या वर्गात हाय तवर वरचा बोंबील नको. शाळा सुटली की दे." आई मागे वळून माझ्याकडे बघत म्हणाली, "हिच्याकडनं शिक गो, काय शिकायचं ते." माझं गाऱ्हाणं असं निकालात निघालं.

एकदा पालकसभेत फादरनी तीन पातळ्यांचे फायदे सांगितले. दुसऱ्या दिवशी मिस वर्गात आल्या त्या धुसफुसतच. "पातळी पाण्याला असते, पोरांना नसते," असं फळ्यावर खडू आपटून म्हणाल्या. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "पाण्याला पण नसते, मिस. सकाळी बघा आणि दुपारी बघा." आमच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटी बघत वाढलेल्या पोरीला यात हुशारी ती काय वाटणार? पण मिसनी खिशात हात घातला आणि अख्खी अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. भिंतीवर अंधेरीच्या नावापुढे त्यांनी एक रेघ वाढवली.

हळूहळू आमची बोली झाली ती. "अरे, साकीनाक्याला उतरू नको." "तू परत जोगेश्वरीला गेलीस." मधल्या सुट्टीत क्रिकेट खेळतानाही कुणी झेल सोडला की ओरडायचे, "वेसावे!" मला आधी राग यायचा, मग येईनासा झाला. वरच्या मजल्यांवरच्या मुलांना यातलं काही कळायचं नाही. त्यांना वाटायचं, ही बेसिकची पोरं बसच्या थांब्यांची नावं पाठ करतात.

नववीची वार्षिक परीक्षा झाली. गणिताचा पेपर तिन्ही मजल्यांना एकच, मिसनीच काढलेला. त्यात एक प्रश्न होता: एका संख्येचा वर्ग तिच्या पाचपट आहे, तर संख्या कोणती? दुसऱ्या मजल्यावरच्या जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं पाच. तळमजल्यावरच्या जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं शून्य आणि पाच.

हे बाहेर आलं आणि शाळेत आग लागली. दुसऱ्या मजल्याचे काही पालक फादरकडे गेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ॲडव्हान्सच्या मुलांना जे येत नाही ते बेसिकच्या मुलांना येतं, हे शक्यच नाही. बाईने आपल्या वर्गाला प्रश्न आधीच सांगितला असणार. पेपर रद्द करा आणि तिन्ही मजल्यांची परीक्षा वेगवेगळ्या पेपरवर पुन्हा घ्या.

म्हणजे काय, ते तळमजल्याला लगेच समजलं. वेगळा, सोपा पेपर झाला की त्याच्या मार्कांना वरच्या मजल्यावर किंमत नाही. वर जायची दारं बंद. मला सायन्सला जायचं होतं, का ते मला नीट सांगता आलं नसतं, पण जायचं होतं. आणि सगळ्यात वाईट, मिस चोर ठरणार होत्या. ज्या बाईने दोन बोंबील परत केले, ती चोर. आईला हे कळलं तेव्हा ती कोयता पाटीवर ठेवून उठलीच होती, बाजारातल्या बायकांनी तिला धरून बसवलं.

मिस फादरना एवढंच म्हणाल्या, "प्रश्न फोडला असं तुम्हाला वाटत असेल तर माजी सायकल भायेरच उभी हाय." फादर सज्जन होते, पण पालकांसमोर अडकले होते. शेवटी त्यांनी सांगितलं की मी स्वतः खाली येतो आणि नवीन गणित घालून मुलांना तपासतो.

ते आले त्या सकाळी अख्खा वर्ग वेळेआधीच येऊन बसला होता. मिस फळ्याजवळ थांबल्या नाहीत. सरळ शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या, आणि बसल्या त्या पाठमोऱ्या, मागच्या भिंतीकडे तोंड करून. "मी तुमच्याकडे बघितलं तर म्हणतील, खूण केली," असं भिंतीलाच सांगितलं.

फादर मराठी पुस्तकातून शिकलेले. आम्हा पोरांनाही ते अहो-जाहो करायचे. "बालमित्रांनो, मी एक प्रश्न विचारतो. एका संख्येचा घन त्या संख्येइतकाच आहे. म्हणजे तीच संख्या तीनदा गुणिली असता पुन्हा तीच मिळते. संख्या कोणती?" वर्गावरून नजर फिरवून त्यांनी नेमकं माझ्याकडे बोट केलं. "आपण या."

फळ्याशी जाऊन मागे वळले तेव्हा मला दिसले ते फक्त मिसच्या फ्रॉकचे मागचे हूक. मी समीकरण लिहिलं. आणि सगळ्यात आधी, इतर काही करायच्या आधी, बाजूला मोठं शून्य काढलं.

"आरंभीच शून्य का?" फादरनी विचारलं.

काय सांगू? फादरना गणिताच्या भाषेत सांगायला हवं होतं. पण तोंडातून निघालं ते घरचं. "फादर, होडी रिकामी आली तरी ती गेली होती ना समुद्रात? मग ती मोजायची. नाहीतर नंतर दोन्ही बाजूंचा एक्स उडवला की ती हरवते."

फादरच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण त्यांनी मान हलवली. "शून्य गुणिले शून्य गुणिले शून्य. शून्य. योग्य. पुढे?"

मी एक्स उडवला. राहिलं, वर्ग बरोबर एक. मी लिहिलं एक. आणि खाली लिहिलं वजा एक. खडू ठेवला.

फादर फळ्याजवळ आले. "शून्य, योग्य. एक, योग्य. हे वजा एक तुम्ही कोठून आणलेत?"

आणि अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "साकीनाका, फादर!"

फादर आमच्याकडे बघतच राहिले. "साकीनाका? तेथे काय आहे?"

लेथवाल्याचा मुलगा उठून उभा राहिला. "तिथे मी आहे, फादर. माझी चूक आहे ती. मायनस वन इंटू मायनस वन प्लस वन होतो. त्याला परत मायनस वनने गुणा. मायनस वन. करून बघा ना."

फादरनी खडू घेतला आणि फळ्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात गुणाकार केला. पुन्हा एकदा केला. मग ते आमच्याकडे वळले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, आणि मला वाटलं, झालं, आता वाट लागली.

"मी हा प्रश्न आत्ता, जिना उतरताना मनात तयार केला," ते सावकाश म्हणाले. "याची उत्तरे दोन आहेत, असे मी समजून आलो होतो. तिसरे मलाच ठाऊक नव्हते. मग ते तुम्हाला कोण फोडून सांगणार?" आणि हा उंच माणूस असा खदाखदा हसला की बाहेर सायकल स्टँडचा वॉचमन खिडकीत येऊन उभा राहिला.

मिस अजून भिंतीकडेच बघत होत्या. "झालं?" त्यांनी विचारलं.

"झाले, मिस. कृपया इकडे पाहा. मी चुकलो आणि मी तसे पालकांना सांगेन." मग त्यांचं लक्ष काळ्या भिंतीवरच्या नावांकडे गेलं. त्यांना काय ते उमगलं असावं. जरा खोडकरपणे त्यांनी विचारलं, "माझ्या चुकीला कोणते नाव देणार?"

मिस उठल्या, फ्रॉक झटकला. "फादर, तुमी शाळेत राहता. शाळेचं नाव आमी चुकीला देत नाय."

फादरनी खाली वाकून मान झुकवली, चर्चमध्ये झुकवतात तशी, आणि निघून गेले.

पेपर रद्द झाला नाही. आमच्या वर्गातले आम्ही तिघं वर गेलो. साकीनाक्याचा तो मुलगा गेला नाही, इंग्रजीने त्याचा घात केला. तो म्हणाला, "मला कुठे कॉलेजात जायचंय यार." पण गणित त्याने सोडलं नाही, हे मला परवा पेपर तपासायच्या खोलीत समजलं.

दहावीच्या पहिल्या दिवशी मी दुसऱ्या मजल्यावर जाऊन बसले. मोठा वर्ग, चांगले पंखे, इस्त्रीचे गणवेश. आम्हा तिघांना बघून कुजबुज सुरू झाली. पुढच्या बाकावरची एक मुलगी मागे वळून म्हणाली, "तू ती खालून आलेली ना?" तिच्या मनात वाईट नसेलही. पण माझ्या अंगाला माशांचा वास येतोय की काय, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. वरची खिडकी, वरचा फळा, सगळं बघून मला उठून खाली पळावंसं वाटत होतं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, मध्ये थांबत. आणि दारात मिस उभ्या. खिसा फुगलेला, दम लागलेला, एक हात चौकटीवर. वरच्या पोरांनी त्यांना त्या मजल्यावर कधी बघितलंच नव्हतं, सगळी ताडकन उभी राहिली. मिस आत आल्या, खिडकीशी गेल्या आणि बाहेर वाकून बघितलं.

"हितून काय दिसतं रं?" त्यांनी एका मुलाला विचारलं.

"काही नाही, मिस. फॅक्टरीची चिमणी."

"मग एवढा जिना कशाला?"

हसावं की नाही ते कुणालाच कळेना. मिस जायला निघाल्या, दारात थबकल्या आणि पुढच्या बाकावरच्या त्या मुलीकडे वळल्या. तिचा प्रश्न त्यांनी जिन्यातून ऐकला असणार, आवाज तिकडे चांगला जातो. माझ्याकडे बोट दाखवून त्या सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ही खालून आली नाय. ही माझ्या वर्गातून आलीय."

मग एक-एक पायरी उतरत त्या आपल्या टेबलाकडे गेल्या. मी ताठ बसले आणि वही उघडली.